राइडिंग मॉवर पहिल्यांदा चालवताना: जमीन बघण्यापासून किल्ली काढेपर्यंत

राइडिंग मॉवरवर, म्हणजे बसून चालवायच्या गवत कापण्याच्या यंत्रावर, पहिल्यांदा बसलेला माणूस समोर बघतो. हातात स्टिअरिंग, पायाखाली पेडल, त्यामुळे आपण एक छोटी गाडी चालवतोय असंच त्याला वाटतं. पण या यंत्राचं खरं काम चालतं ते पायांखाली, पत्र्याच्या आड. तिथे पोलादी पाती फिरत असतात. त्यांच्या टोकाच्या वेगावर सुरक्षा मानकांनी सेकंदाला साधारण ९६ मीटरची मर्यादा घातली आहे, म्हणजे ताशी जवळजवळ ३४५ किलोमीटर. ही पाती तुम्हाला दिसत नाहीत. मागून कोण आलं तेही दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही. उतार किती तीव्र आहे हे नुसत्या नजरेला नीट उमगत नाही. नवख्या माणसाने चालवणं शिकायला अर्धा तास पुरतो. या न दिसणाऱ्या गोष्टींची सवय लागायला मात्र वेळ लागतो, म्हणून या लेखात मी त्यांच्यावरच जास्त रेंगाळणार आहे.

आपलं यंत्र कोणत्या जातीचं

ढोबळमानाने दोन प्रकार भेटतात. एक लॉन ट्रॅक्टर: इंजिन पुढे, पात्यांचा डेक (पाती झाकणारं पत्र्याचं कवच) पोटाखाली, गोल स्टिअरिंग, आणि वळतात ती पुढची चाकं. दुसरा झिरो-टर्न: स्टिअरिंगऐवजी मांडीच्या दोन बाजूंना दोन दांडे. उजवा दांडा उजव्या मागच्या चाकाचा, डावा डाव्याचा. पुढची चाकं ऑफिसच्या खुर्चीला असतात तशी, नुसती फिरती. दोन्ही दांडे सारखे पुढे ढकलले की यंत्र सरळ जातं, एक जास्त ढकलला की विरुद्ध बाजूला वळतं.

हा फरक नीट समजून घ्या. दांड्यांच्या झिरो-टर्नमध्ये वळणं आणि थांबणं या दोन्ही गोष्टी मागच्या दोन चाकांवरच अवलंबून असतात. ती चाकं ओल्या गवतावर घसरली, की दिशाही गेली आणि ब्रेकही गेला. सपाट जागेवर हे यंत्र फार चपळ आणि सुखाचं आहे, पण जागा उताराची असेल तर निवड करतानाच हे लक्षात ठेवा.

बॅटरीवरचे मॉवरही आहेत. त्यांना पेट्रोल-ऑइलची कटकट नाही. पण त्यांचा आवाज कमी, त्यामुळे पाती फिरताहेत की थांबली आहेत हे कानाला पटकन कळत नाही. त्यामुळे खाली जे नियम येतील ते त्यांनाही तितकेच लागू.

बसण्याआधी जमीन चालून बघा

दर वेळी. कालच कापलं असलं तरी. अख्ख्या लॉनवरून पायी एक फेरी मारा आणि खडे, तारेचे तुकडे, फांद्या, हाडं, खेळणी, पाण्याचा पाइप, जे सापडेल ते उचला. पात्याखाली आलेला दगड बंदुकीच्या गोळीसारखा बाजूने सुटतो. तार आणखी वाईट: कधी तुकडा होऊन उडते, कधी पात्याच्या दांड्याला गुंडाळून बसते आणि ती सोडवायला तासभर जातो. उचलता न येणाऱ्या गोष्टी, म्हणजे झाडाचं उघडं मूळ, जमिनीतून डोकावणारा स्प्रिंकलर, विहिरीची किंवा गटाराची झाकणं, यांच्याशेजारी रंगीत झेंडी खोचा. गवत उंच वाढलं असेल तर खड्डे त्यात लपतात. अशा जागी पहिली फेरी डेक वर उचलून आणि अगदी सावकाश करा.

आता मुलांबद्दल, आणि हे मी हात जोडून सांगतो. कापणी चालू असताना लहान मुलं घरात हवीत, आणि त्यांच्याजवळ कोणीतरी मोठं माणूस हवं. "अंगणात खेळताहेत, लक्ष आहे माझं" हे पुरत नाही, कारण तुमचं लक्ष समोरच्या पट्ट्यावर असतं. मूल मांडीवर घेऊन तर कधीच चालवू नका. ते पडू शकतं हा एक धोका. दुसरा धोका लोकांच्या लक्षात येत नाही: एकदा फेरी मारून आणलेल्या मुलाला हे यंत्र खेळणं वाटू लागतं, आणि पुढच्या वेळी आवाज ऐकला की ते आनंदाने धावत येतं, बहुतेक वेळा मागून. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स, राइडिंग मॉवर चालवायला किमान वय १६ सांगते. कुत्र्या-मांजरांनाही आत ठेवा.

अंगावर लांब पँट, पायांत न घसरणारे बंद बूट, डोळ्यांवर चष्मा. कानांना संरक्षण हवंच. पेट्रोलच्या बहुतेक मॉवरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी ८५ डेसिबलच्या पुढे जातो, आणि या आवाजाने कान एका दिवसात जात नाहीत, वर्षानुवर्षं थोडे थोडे जातात. पण कानांत गाणी लावू नका. यंत्राचा बदललेला आवाज हीच बिघाडाची पहिली खूण असते.

यंत्राची तपासणी

पेट्रोल भरायचं ते उघड्यावर, इंजिन थंड असताना. चालून आलेल्या इंजिनाजवळ टाकी उघडू नका, आधी निवू द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. कॅन भरताना तो गाडीत ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवा. गाडीतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर कॅनमध्ये स्थिर वीज साठू शकते. ऑइलची पातळी यंत्र सपाट जागी उभं करून डिपस्टिकने बघा.

टायरमधली हवा नवखे लोक बघतच नाहीत. या टायरांना हवा फार कमी लागते, साधारण १० ते १४ पीएसआय. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. एका बाजूची हवा कमी झाली की डेक तिकडे झुकतो, आणि मग लॉनवर एक पट्टा उंच, एक पट्टा बुटका असं दिसतं. लोक डेकचे बोल्ट फिरवत बसतात आणि दोष निघतो हवेत.

गवत बाहेर फेकण्याच्या तोंडावर एक झडप असते. ती खाली, जागेवर असलीच पाहिजे. गवत लांब उडावं म्हणून ती वर बांधून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. ती झडप दगड आणि माणसाचा पाय यांच्यामध्ये असलेली एकमेव वस्तू आहे.

मग सीटचा स्विच. तुम्ही उठलात की पाती आपोआप थांबावीत म्हणून सीटखाली हा स्विच असतो. मोकळ्या सपाट जागी, आजूबाजूला कोणी नसताना, पाती चालू करून सीटवरून किंचित उठून बघा. पाती थांबली पाहिजेत, बहुतेक यंत्रांत इंजिनही बंद पडतं. तसं झालं नाही तर त्या दिवशी कापणी रद्द. आणि हा स्विच "सारखा त्रास देतो" म्हणून वायर जोडून बायपास करून देणारा कोणी भेटला, तर त्याचं ऐकू नका.

पहिला अर्धा तास पात्यांशिवाय

पाती बंद ठेवून नुसतं चालवा. सपाट, मोकळ्या जागी सरळ जा, थांबा, वळा, मागे घ्या. झिरो-टर्नवर हा सराव अटळ आहे, कारण सुरुवातीला हात दांडे जोरात ढकलतात आणि यंत्र सापासारखं वळवळत जातं. दांडे बोटांनी हलवायचे, मनगटाने नव्हे. थांबायचं असेल तर दोन्ही दांडे हळूच मधोमध आणायचे. घाबरून एकदम मागे ओढलेत तर यंत्र झटक्याने मागे येतं.

सुरू करण्याचा क्रम बहुतेक यंत्रांत असा असतो:

१. सीट पुढे-मागे करून पाय पेडलवर पूर्ण पोचतो का ते बघा.
२. पात्यांचा स्विच बंद, पार्किंग ब्रेक लावलेला. झिरो-टर्नचे दांडे बाहेरच्या बाजूला.
३. इंजिन थंड असेल तर चोक ओढा.
४. किल्ली फिरवा. इंजिन धरलं की चोक हळूहळू आत ढकला.
५. मिनिट-दोन मिनिटं गरम होऊ द्या, मगच ब्रेक सोडा.

हे सगळं बंद शेडमध्ये करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, वासहीन असतो.

कापायला सुरुवात

पाती चालू करायची ती यंत्र आखूड गवतावर उभं करून. उंच गवतात चालू केलीत तर पाती फिरवणाऱ्या पट्ट्यावर (बेल्टवर) एकदम ताण येतो. पाती फिरू लागली की थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग ठरवणारा खटका, पूर्ण वर. इथे बहुतेक नवखे उलट वागतात. यंत्राला जपावं म्हणून इंजिन हळू ठेवतात. पात्याची मागची कड वर वळलेली असते, ती पंख्यासारखं काम करते, खालून हवा ओढते, गवत उभं करते आणि मग धार त्याला छाटते. इंजिन मंद ठेवलं की हा ओढा कमी होतो, गवत आडवं पडतं आणि अर्धवट तुटतं. इंजिन थंड ठेवणारा वाराही त्याच वेगावर अवलंबून असतो. तेव्हा इंजिन पूर्ण वेगाने, आणि चाल कमी-जास्त करायची ती पेडलने. गवत दाट लागलं, इंजिनाचा आवाज खोल गेला, की पेडल सोडून चाल कमी करा.

उंचीचा नियम एकच: एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापायचा नाही. म्हणजे गवत ९ सेंटिमीटर असेल तर ६ वर थांबायचं. हिरवा भाग हेच गवताचं स्वयंपाकघर आहे, तो एकदम गेला की मुळं उपाशी राहतात, मधे पिवळं पडतं आणि मोकळ्या जागेत तण शिरतं. गुडघाभर वाढलेलं लॉन असेल तर डेक सगळ्यात वर ठेवून एकदा कापा, चार-पाच दिवस जाऊ द्या, मग एक खाच खाली. ओलं गवत शक्यतो टाळा. ते गोळे होऊन डेकला चिकटतं, आणि त्यावर चाकं घसरतात ते निराळंच.

दिशेचं म्हणाल तर, बहुतेक यंत्रांत गवत उजवीकडून बाहेर पडतं. म्हणून कडेच्या पहिल्या दोन फेऱ्या घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मारा. अशा वेळी उजवी बाजू आतल्या बाजूला येते आणि कातरण फुलझाडांवर, भिंतीवर, रस्त्यावर उडत नाही. दोन फेऱ्यांनंतर उलटे फिरा किंवा सरळ पट्टे घ्या, म्हणजे कातरण कापून झालेल्या भागावर पडेल आणि तेच गवत पुन्हा पात्याखाली येणार नाही. कडेच्या त्या दोन फेऱ्यांची रुंदी पुढे वळायला कामी येते. शेजारच्या पट्ट्यावर ५ ते १० सेंटिमीटर चढून चला, नाहीतर मधे शेंड्या उभ्या राहतात. दूरच्या झाडावर किंवा खांबावर नजर ठेवली तर रेघ सरळ येते. यंत्राच्या नाकाकडे बघून कधी येत नाही. पुढच्या खेपेला पट्ट्यांची दिशा बदला.

झिरो-टर्न जागच्या जागी वळतो, पण एक चाक खिळवून ठेवून वळवलंत तर त्या चाकाखालचं गवत मुळासकट सोलवटतं. दोन्ही चाकं थोडी फिरती ठेवा, किंवा थोडं मागे घेऊन इंग्रजी वायच्या आकारात वळा.

खडीचा रस्ता किंवा फरशी ओलांडायची असेल तर पाती बंद. माणूस जवळ येताना दिसलं तरी पाती बंद, मग तो हात हलवून "चालू द्या" म्हणाला तरी.

मागे घेताना

शक्य तितकं मागे घेऊच नका, असा पट्टा आखा. घ्यावंच लागलं तर क्रम असा: थांबा, पाती बंद करा, मान पूर्ण वळवून मागे आणि खाली बघा, मग हळू मागे या, आणि येत असताना बघतच राहा. नुसतं खांद्यावरून ओझरतं बघणं उपयोगाचं नाही. लहान मूल मागच्या चाकाच्या उंचीचं असतं, ते सीटवरून दिसत नाही. पुष्कळ यंत्रांत मागचा गिअर टाकला की पाती आपोआप थांबतात आणि ती चालू ठेवायला वेगळं बटण दाबावं लागतं. ते बटण दाबायची सवय लावून घेऊ नका.

उतार

जीव जाण्याचे अपघात बहुतेक उलटण्याचे असतात, आणि उलटणं होतं ते उतारावर. दोनशे-अडीचशे किलोचं यंत्र अंगावर येतं. म्हणून इथे अंदाजाने चालायचं नाही, मोजायचं.

बहुतेक उत्पादक १५ अंश ही कमाल मर्यादा देतात, काही यंत्रांना त्याहूनही कमी. ती मोजायला साधी युक्ती आहे. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या, तिचं एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीला टेकवा आणि गवंडी वापरतात तो बुडबुड्याचा लेव्हल वर ठेवून पट्टी आडवी सपाट धरा. दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंत सरळ खाली मोजा. २७ सेंटिमीटर भरले तर उतार १५ अंश. त्याहून जास्त भरले तर तिथे राइडिंग मॉवर न्यायचाच नाही, हातातल्या यंत्राने कापा किंवा ती जागा झुडपांना सोडा. आणखी एक कसोटी: जो उतार यंत्राने सरळ मागच्या मागे चढता येत नाही, तो कापू नये. आणि चढल्यावर मनात धाकधूक होत असेल, तर ती धाकधूक ऐका.

लॉन ट्रॅक्टर उतारावर वर-खाली चालवायचा, आडवा नाही. आडवा घेतला की वजन खालच्या बाजूच्या चाकांवर जातं आणि एखादा खड्डा किंवा मुळी यंत्राला कलंडवायला पुरते. (ढकलायच्या मॉवरचा नियम बरोबर उलटा आहे, तो आडवा चालवतात, कारण तिथे पाय घसरून पात्याखाली जाण्याची भीती असते. दोन्ही यंत्रं वापरणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो.) झिरो-टर्नला कोणती दिशा घ्यावी हे त्याच्या पुस्तिकेत बघा.

उतारावर सुरू होणं, थांबणं, वळणं टाळा. वळावंच लागलं तर हळू, मोठ्या वळणाने, खालच्या बाजूला. चढताना यंत्र अडलं किंवा चाकं घसरू लागली तर पाती बंद करा आणि सरळ रेषेत, सावकाश खाली या. उतरताना गिअर न्यूट्रल करून सोडून देऊ नका. यंत्र कलतंय असं वाटून पाय जमिनीवर टेकवून सावरायला जाऊ नका, त्या वजनापुढे पाय टिकत नाही. मागे गवताची पिशवी लावली असेल तर ती भरत जाईल तसा तोल बदलतो, चढणीवर पुढची चाकं हलकी होतात. नाला, तळं, दगडी बांध यांच्या कडेपासून यंत्राच्या दुप्पट रुंदीइतकं अंतर सोडा. कड ढासळते तेव्हा सूचना देत नाही.

सीटमागे संरक्षक कमान असेल तर ती उभी ठेवा आणि पट्टा बांधा. कमान नसेल किंवा एखाद्या फांदीखालून जाण्यासाठी खाली दुमडली असेल तर पट्टा बांधू नका, कारण उलटलेल्या यंत्राखाली पट्टा तुम्हाला अडकवून ठेवतो. कमान आणि पट्टा यांची जोडी आहे, दोन्ही किंवा एकही नाही.

तोंड तुंबलं तर

दाट गवतात गवत फेकण्याचं तोंड तुंबतं. हात घालायचा मोह इथेच होतो. पाती बंद, ब्रेक, इंजिन बंद, किल्ली बाहेर, आणि मग सगळं थांबेपर्यंत सीटवरच बसून राहा. नीट असलेल्या यंत्रात पाती पाचेक सेकंदांत थांबतात, झिजलेल्या यंत्रात वेळ लागतो. त्यानंतरही गवत काठीने काढा. दोन-तीन पात्यांच्या डेकमध्ये एक पातं हाताने फिरवलं की बेल्टमुळे दुसरंही फिरतं, आणि बोटं नेमकी त्या दुसऱ्यापाशी असतात.

कापलेलं गवत बघा

दुसऱ्या दिवशी गवताची टोकं जवळून बघा. स्वच्छ छाटलेली असतील तर धार चांगली. फाटलेली, पांढरट-तपकिरी दिसली तर पाती बोथट झाली आहेत. साधारण २५ तासांच्या कामानंतर धार लावावी, खडकाळ जागी आधीच. पातं काढण्याआधी किल्ली काढा, स्पार्क प्लगची वायर सुटी करा, बॅटरीच्या यंत्राची बॅटरी काढा, आणि जाड हातमोजे घाला. नुसत्या जॅकवर उचललेल्या यंत्राखाली हात घालू नका, भक्कम टेकू द्या. कानशीने मूळच्याच कोनात घासा. मग भिंतीतल्या आडव्या खिळ्यावर पातं मधल्या भोकाने अडकवा. एक बाजू खाली गेली तर ती अजून थोडी घासा. असंतुलित पातं सगळ्या यंत्राला हादरे देतं आणि बेअरिंग खातं. परत बसवताना वर वळलेली कड डेकच्या, म्हणजे आकाशाच्या बाजूला. उलटं बसलेलं पातं गवत नुसतं झोडपतं, आणि ही चूक फार वेळा होते.

नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल लवकर बदलावं लागतं, पुष्कळदा पहिल्या ५ ते ८ तासांतच. नंतर साधारण ५० तासांनी किंवा हंगामातून एकदा. एअर फिल्टर धुळीच्या जागी वारंवार बघा.

यंत्र ठेवताना

सपाट जागी उभं करा. पाती बंद, डेक पूर्ण खाली, पार्किंग ब्रेक, इंजिन बंद. सायलेन्सरभोवती आणि इंजिनाच्या पंखांत अडकलेलं वाळकं गवत ब्रशने काढा. गरम इंजिनावरचा पाचोळा शेडमध्ये गेल्यावर पेट घेऊ शकतो, म्हणून यंत्र निवेपर्यंत बाहेरच ठेवा आणि मग आत घ्या. पाणी तापवायचा बंब किंवा कोणतीही ज्योत असलेल्या खोलीत पेट्रोलचं यंत्र ठेवू नका. महिनाभराहून जास्त वापर नसेल तर पेट्रोल शिळं होऊन कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतं. टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल शिळं होऊ न देणारं द्रव्य) घालून इंजिन थोडा वेळ चालवा, किंवा टाकी रिकामी करा. बॅटरी काढून ठेवायची तर आधी काळी, म्हणजे ऋण बाजूची वायर सोडवा, लावताना ती शेवटी. किल्ली मुलांचा हात पोचणार नाही अशा खुंटीला अडकवा.